इब्राहिमचाचांचं स्टिअरिंग

बहरीनहून परत आल्यापासून कॉलनीत मला जो तो एकच विचारतो, तिकडे सोनं कसं होतं? मी सांगतो, पिवळंच होतं. मग ते माझ्याकडे दयेने बघतात. महिनाभर परदेशात राहून या माणसाने बघितलं तरी काय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. बघितलं पुष्कळ. पण त्यातलं बरंचसं एका जुन्या गाडीच्या पोटाखाली आडवं पडून बघितलं, हे फाटकाशी उभं राहून सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

नागपूरच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात सुजाताने, माझ्या लेकीने, व्हिसा पाठवला. जावई मिलिंद तिथल्या सित्रा बेटावर एका कंपनीत टेक्निशियन आहे. मी निघताना आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना काढून घेतला, त्यावर सुजाता फोनवरच हसली होती. "बाबा, इथं कोण तुमच्या हाती गाडी देऊन रायलं?" म्हणे. दिली. ती कशी, तेच सांगतो.

हूरा

मनामा शहरातला हूरा हा भाग म्हणजे हॉटेलं, शिंप्यांची दुकानं, फोटो स्टुडिओ आणि बाल्कन्यांत वाळणारे आपल्याच लोकांचे कपडे. जिन्यात मल्याळी बोलणं, खाली किराणा दुकानात गुजराती, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी. संत्री मिळतात, पण सालीला वास नाही. नागपूरच्या माणसाने ती विकत घेऊ नयेत, उगाच मनाला लागतं. खुबूस मात्र मला फार आवडला. कोपऱ्यावरच्या भट्टीतून निघालेली ती मोठी फुगलेली रोटी कागदात गुंडाळून वर आणायची आणि सुजाताच्या झुणक्याशी खायची. मी तर तिला सांगून टाकलं की पोळ्या लाटणं बंद कर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुबूस घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या दारातून एका गृहस्थांनी अडवलं. साठीचे, उंच, पांढरी दाढी नीट कातरलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"तुमीच काय ते नागपूरचे मास्तर? गाड्यांचे?"

"हो."

"मंग संध्याकाळला जेवाय या. आनि माज्या पोराला एकदा सांगा, गाडी हलते का मी हलतंय."

हे इब्राहिमचाचा. मूळ दापोलीजवळचे. बाब अल बहरीन या जुन्या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीतल्या एका कापडाच्या दुकानात तीसेक वर्षं नोकरी. संध्याकाळी सगळं घर घेऊन त्यांच्याकडे गेलो. हलीमाचाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि हमूर माशाचं कालवण केलं होतं. हमूर तिथल्या समुद्रातला, आमसूल गावचं. मी वैदर्भीय माणूस, माशाच्या काट्यांशी माझी जन्मात ओळख नाही. चाचींनी काटे काढून काढून माझ्या ताटात तुकडे टाकले. एवढे लाड आईनंतर कोणी केले नव्हते.

जेवण आटोपलं आणि चाचांचा मुलगा अल्ताफ, एका ऑफिसात काम करणारा, विषयावर आला.

"अंकल, मी शेजारी बसून बघितलंय. ऐंशीच्या वर गाडी गेली की स्टिअरिंगवर अब्बांचे दोन्ही हात असे असे थरथरतात. ते म्हणतात गाडीचं वॉबलिंग आहे. ओके, मी दोनदा व्हील बॅलन्सिंग करून आणलं. नवीन टायर टाकले. तरी सेम. मग गाडी कशी असेल?"

"डॉक्टरला दाखवलं का?"

"म्हणतात, गाडीला डॉक्टर दाखव."

चाचा गालात हसले. अल्ताफ हसला नाही. त्याच्या मोठ्या चुलत्यांचं गावाकडे असंच सुरू झालं होतं, तो म्हणाला. आधी हात, मग सगळं अंग, शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा. अब्बांचंही तसं असेल तर तो त्यांना गाडी चालवू देणार नव्हता; किल्ली तर कित्येक महिने मागतच होता. गाडी नाही तर दुकान नाही, कारण दुकानाची उधारी-वसुलीची फिरती चाचाच करत. दुकान नाही तर व्हिसा नाही. "मग दोघांना गावी पाठवतो. दुसरं काय करू?" हे बोलताना त्याचा आवाज चढला होता, पण तो रागाने नव्हे, भीतीने. मला मुलगा आवडला.

चाची भांडी उचलून आत गेल्या.

मी म्हटलं, बॅलन्सिंग झालं म्हणजे गाडी निर्दोष सुटली असं होत नाही. पातेलं टेबलावर कितीही नीट ठेवा, टेबलाचा पाय डुगडुगत असेल तर वरण सांडणारच. चाक ज्या जोडांनी धरलंय तेच ढिले असतील तर? शुक्रवारी मला गाडी चालवू द्या. मग सांगतो.

"बाबा, सुट्टीवर आले ना तुम्ही?" वर आल्यावर सुजाता म्हणाली. "लोकायच्या गाडीखाली कायले घुसता?"

मी ऐकलं नाही. मी कधीच ऐकत नाही, हे तिच्या आईला विचारा.

सित्र्याचा पूल

साठच्या दशकातली इंग्लिश गाडी, दुधी रंगाची, बाहेरून अशी चकचकीत की आपलं तोंड बघून भांग पाडावा. चाचांनी ती परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. ती बहरीनमध्ये आली तेव्हा तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक होती. पुढे देशाने बाजू बदलली, गाडीचं स्टिअरिंग मात्र उजवीकडेच राहिलं. आता रस्त्याच्या उजव्या बाजूने जाताना चालकाला पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही. ते दिसतं डावीकडे बसणाऱ्याला. त्यामुळे पुढची डावी जागा चाचींची. त्या वाकून बघणार आणि "चला" म्हणणार, तेव्हाच चाचा ओव्हरटेक करणार. "थांबा" म्हटलं की थांबणार. नवरा-बायकोने मिळून एक गाडी चालवायची ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमच्या घरी ही सोय असती तर आम्ही अजून सीताबर्डीच्या पुढे गेलो नसतो.

शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे. मी चालवायला, चाची डावीकडे, चाचा आणि अल्ताफ मागे. पहिल्याच गोल चौकात माझ्या हातांनी घात केला. जन्मभराच्या सवयीने मी डावीकडून वळायला घेतलं आणि समोरून पिकअप आली. तिच्या चालकाने ब्रेक मारला, काच खाली केली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "रफीक, यल्ला, रिवर्स!" म्हणजे चल मित्रा, मागे घे, असं म्हणून हसत थांबून राहिला. आपल्याकडे निदान आईचा उद्धार झाला असता.

"मास्तर, हा बहरीन हाय, नागपूर नाय," चाची म्हणाल्या.

मग सित्र्याकडे जाणारा पूल लागला. दोन्हीकडे उथळ, फिक्या हिरव्या रंगाचं पाणी, लांब रिफायनरीच्या टाक्या. वेग वाढवत गेलो. सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशीला स्टिअरिंग जागं झालं. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं, मग डावं-उजवं, डावं-उजवं, अगदी मनगटापर्यंत.

"अल्ताफ, पुढे वाक," मी म्हटलं. "आता माझ्या हातांकडे बघ." आणि क्षणभर दोन्ही हात चाकापासून बोटभर दूर धरले.

स्टिअरिंग आपलं आपण थरथरत होतं.

अल्ताफने मागून एक मोठा श्वास सोडला. "सॉरी, अब्बा," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. मला वाटलं चाचा आता पोराला चांगलं सुनावतील. मी तर कान टवकारून बसलो होतो. पण ते बाहेर पाण्याकडे बघत म्हणाले, "झाला ना निकाल? खलास. आता गाडी ऱ्हाऊ दे तशीच."

"तशीच कशी? दुरुस्त करू."

"नको मास्तर. जुनी गाडी. म्हातारी जराशी हलनारच."

मला हे पटेना. दोष सापडला आणि सोडून दिला, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. "चाचा, हे वॉबलिंग उद्या वाढेल, चाक निखळेल, चाची शेजारी असतात," असं म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. ते "इंशाल्ला" म्हणाले. तिथे नाही म्हणायची ती एक सभ्य पद्धत आहे, हे मला नंतर कळलं.

अबू अलीचं गॅरेज

सित्र्याला पत्र्याच्या शेडमधलं हे गॅरेज. मालक अबू अली, जाडजूड बहरीनी गृहस्थ, आपल्या लोकांबरोबर राहून राहून हिंदी बोलणारा. गाडी बघताच म्हणाला, "ये तेलवाला गाडी!"

मला अर्थ लागला नाही. मी कामाला लागलो. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. आधी चाकाला वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवलं. हललं. बेअरिंगला हात लावण्याआधी अबू अलीला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. बेअरिंग ढिलं असतं तर ब्रेक दाबल्यावर चाक गप्प बसलं असतं. हे नाही बसलं. म्हणजे दोष आणखी आत. मग खाली आडवा पडलो, टामी, म्हणजे लोखंडी कांब, लावून एकेक जोड उचकून पाहिला, आणि दिसलं.

न शिकलेल्यांसाठी सांगतो. चाकाला दोन लोखंडी हात गाडीशी धरून ठेवतात. हे हात जिथे गाडीला जोडलेले असतात तिथे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून रबराचे बुश असतात. या गाडीचे बुश रबराचे राहिलेच नव्हते. फुगून, विरून, काळ्या लापशीसारखे झाले होते. मी बोट घातलं तर बोटाबरोबर बाहेर आले. आणि त्या चिकटलेल्या तेलात वाळू बसून तिने बाजूचे बॉल जॉइंट, म्हणजे ज्यांवर चाक वळतं ते गोल सांधे, घासून खाल्ले होते.

"इथे एवढं तेल आलं कुठून?" मी खालूनच ओरडलो.

"हर साल आता है," अबू अली म्हणाला. "बोलता है, मे महीना आया, नीचे जला हुआ तेल मारो. मैं बोला, अरे भाई, क्यों? बोलता है, बारिश आएगा. मैं बोला, इधर मतर किधर? मतर मफी!" मतर म्हणजे पाऊस, मफी म्हणजे नाहीच. तो हसून हसून लाल झाला होता.

चाचा हसले नाहीत. "आमच्या वाडीत बापाचा टेंपो हुता," ते मला म्हणाले. "मे सरायच्या आत खालून तेल मारला नाय, तर पावसात पत्रा सडून पडायचा. गाडी घेतली तवापासून एक साल चुकवला नाय मी."

मी कपाळावर हात मारला. ज्या बेटावर वर्षातून चार-दोन शिंतोडे पडतात तिथे हा माणूस दर वर्षी कोकणातल्या पावसाळ्याची तयारी करत होता. आणि रबराला तेल म्हणजे भाकरी पाण्यात भिजत ठेवण्यासारखंच.

"म्हंजे मीच मारली तिला?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मारली नाही. लाड जरा जास्त केले," मी म्हटलं. आणि खोटं नको म्हणून हेही दाखवलं की खालचा पत्रा अजून कोरा करकरीत आहे. त्या खाऱ्या हवेत त्या वयाच्या गाड्या चाळण झालेल्या असतात. त्यांच्या तेलाने पत्रा वाचवला होता, फक्त रबराचा बळी घेतला होता. यावर ते थोडे सावरले.

दुपारी अबू अलीच्या घरून मचबूस आला. मसाल्याचा भात, वर मासा, आत वाळवलेलं काळं लिंबू. भलंमोठं एकच ताट चटईवर ठेवलं आणि सगळे भोवती बसले. मी क्षणभर थबकलो. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी कान तुटलेला वेगळा कप असायचा, आणि तो आमचा आम्हीच विसळून ठेवायचा. इथे ओळखपाळख नसलेला माणूस माझ्या बाजूला माशाचा चांगला तुकडा सरकवत होता आणि म्हणत होता, खा, मास्तर, खा. मी पोटभर जेवलो. डोळ्यांत पाणी आलं ते लिंबाने आलं असं मी त्यांना सांगितलं.

जुन्या मालाच्या खोक्यातून अबू अलीने मापाचे बुश शोधून काढले, बॉल जॉइंटही मिळाले. काम पुरं व्हायला दोन फेऱ्या लागल्या. चाकं सरळ आहेत का हे शेवटी मी दोरी ताणून पाहिलं, कारण यंत्रावर माझा विश्वास कमी. चाचा सगळा वेळ शेजारी उभे राहून बघत होते, हात पाठीशी बांधून. गाडी बरी होत चालली तसतसे ते गप्प होत चालले होते. मला वाटलं, बुशांचं दुःख.

झल्लाकचा रस्ता

पुढच्या शुक्रवारी चाचा म्हणाले, चला, पश्चिमेच्या किनाऱ्याला जाऊ, झल्लाकला. दर शुक्रवारी ते चाचींना तिथे समुद्र दाखवायला नेत. अल्ताफला काम होतं. चाचा चालवायला, चाची त्यांच्या जागी डावीकडे, मी मागच्या सीटच्या मधोमध, दोघांच्या खांद्यांमधून पुढचा रस्ता बघत. मांडीवर चाचींनी दिलेला डबा.

शहर संपलं की वाळवंट लागतं. पिवळं नव्हे, मातकट, खडे-खडे. मधेच तेल उपसणारे पंप मान खाली-वर करत उभे. माझं लक्ष तिकडे फारसं नव्हतं. वेगाच्या काट्याकडे होतं. सत्तर. ऐंशी. नव्वद. चाची म्हणाल्या "चला", चाचांनी एक ट्रक मागे टाकला, आणि स्टिअरिंग देवळातल्या दगडासारखं स्थिर.

"बघा!" मी ओरडलोच. "बघा चाचा, आहे का काही?"

आणि मग मला दिसलं. चाक स्थिर होतं. त्यावरचा उजवा हात स्थिर नव्हता. अंगठा आणि दोन बोटं आपली आपण हलत होती, बारीक, सारखी. चाचांनी पकड घट्ट केली, तेव्हा थांबली. सैल केली, पुन्हा सुरू झाली.

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली, पण उशीर झाला होता. त्यांनी वेग कमी केला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"काम लय चांगला केलाव, मास्तर," ते म्हणाले. "गाडी हलायची तवर बरा हुता. माजा त्यात मिसलून जायचा."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की दोष शोधताना एक सापडला म्हणून थांबू नका, दुसरा त्याच्या मागे लपलेला असतो. आणि मी पहिल्यालाच टाळ्या वाजवल्या. त्याहून वाईट वाटलं ते याचं की या माणसाने एवढे दिवस तो आडोसा जपला होता, आणि मी तो मोठ्या हौसेने, फुकटात, काढून टाकला.

"चाचींना..." मी म्हटलं.

"मला काय इचारता?" चाची समोर बघतच बोलल्या. "ह्यांच्या शर्टाची बटनं कवापासून मीच लावतंय."

चाचा त्यांच्याकडे वळले. "तू कदी बोललीस नाय."

"तुमी बोलला नाय. मी म्हटला, सांगतील." मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्या मोठ्या भावाचा मला काय सांगू नका. ते डॉक्टरकडं गेलेच नवते. घाबरून घरात बसले. तुमी पन तसाच करनार?"

बाहेर वारा सुटला होता, काचेवर वाळू बारीक आपटत होती. मी मागे डबा धरून बसून होतो, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की उतरून चालत हूऱ्याला जावं. शेवटी चाचांनी दार उघडलं, मागे आले आणि मला म्हणाले, "तुमी चालवा."

समुद्र राहिला. मी गाडी वळवली, या वेळी बरोबर बाजूने. चाची "चला" आणि "थांबा" म्हणत राहिल्या. परत हूऱ्यात येईपर्यंत चाचा मागच्या सीटवरून एकदाच बोलले. "लय सरल चालते हो," म्हणाले. ज्या वाक्यासाठी मी सगळी नोकरी केली, ते ऐकून मला पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

अल्ताफ खाली उभा होता, कामावरून नुकताच आलेला. स्टिअरिंगवर मी आणि बाप मागे, हे बघून त्याचा चेहरा बदलला. तो काही विचारणार, एवढ्यात चाचा उतरले. मी त्यांना किल्ली दिली. ती त्यांनी उजव्या हातावर ठेवली आणि हात पुढे केला, सगळ्यांच्या देखत, न लपवता. किल्ली तळव्यावर खुळखुळत होती.

"गाडीत काय नाय आता," ते मुलाला म्हणाले. "मास्तरनी बरी केली. हालतंय तो मी. उद्या मला डॉक्टरकडं ने."

महिनोन् महिने जी किल्ली मागत होता, ती अल्ताफने घेतली नाही. त्याने बापाचा हात किल्लीसकट आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच उभा राहिला.